मुल्कोवालची बाटली आणि हाफकिन यांचे लेखन

शास्त्रज्ञाची थोरवी कशाने मोजावी, हा प्रश्न अलीकडे फारच सोपा करून टाकण्यात आला आहे. त्याचे शोधनिबंध किती, ते कोणत्या नियतकालिकांतून आले आणि इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला, एवढ्या तीन आकड्यांवर नेमणुका होतात, अनुदाने मंजूर होतात आणि मानसन्मानही ठरतात. हे मोजमाप अगदीच निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कामाची कुठे नोंदच नाही, त्याचा पडताळा दुसऱ्याने घ्यावा कसा? परंतु मुंबईच्या परळ भागातील ज्या संस्थेला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव दिलेले आहे, त्या हाफकिन यांना ही पट्टी लावली तर मोठी पंचाईत होते. पटकी आणि प्लेग या दोन महाभयंकर रोगांवर ज्याने लस सिद्ध केली, त्या माणसाचे नामांकित नियतकालिकांतील लेखन बेताचेच आहे. त्यांच्या हातून जे महत्त्वाचे लिहिले गेले ते पुष्कळसे सरकारला सादर केलेल्या अहवालांत, आकड्यांच्या तक्त्यांत आणि पुढे आपल्या बचावार्थ केलेल्या निवेदनांत विखुरलेले आहे. आमची उमेद अहवाल आणि नस्त्या वाचण्यात गेली, म्हणूनच कदाचित हे विखुरलेले लेखन आम्हांस अधिक बोलके वाटले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात इल्या मेचनिकोव हे त्यांचे गुरू. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, या शोधाबद्दल मेचनिकोव यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाऊल एर्लिख यांच्यासह विभागून मिळाले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. शिष्याच्या वाट्याला मात्र प्राध्यापकपदही आले नाही. झारच्या राज्यात त्यासाठी ज्यू धर्म सोडणे आवश्यक होते आणि हाफकिन यांनी ते साफ नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाची जागा पत्करली. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा क्रम होता. या काळात त्यांनी पाण्यातील एकपेशीय जीवांचे संसर्गजन्य रोग आणि परिस्थितीशी जुळवून घेण्याची सूक्ष्मजीवांची क्षमता यांवर निबंध लिहिले. १८९० च्या सुमारास संस्थेच्या नियतकालिकात ते प्रसिद्धही झाले. वरवर पाहता या विषयांचा माणसाच्या आजाराशी काय संबंध, असे वाटेल. पण जंतूला नवी परिस्थिती देऊन त्याचा स्वभाव बदलता येतो, ही जी कल्पना त्यांना पुढे आयुष्यभर पुरली, ती येथलीच आहे.

पटकीच्या जंतूवर त्यांनी तीच वापरली. गिनिपिगच्या उदरपोकळीतून तो एकामागून एक नेऊन त्याचा जहालपणा वाढवायचा, आणि उलट ३९ अंश उष्णतेत, हवेच्या झोतात वाढवून तो क्षीण करायचा. आधी क्षीण जंतू टोचावा, काही दिवसांनी जहाल. हे काम जुलै १८९२ मध्ये पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे मांडले गेले, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेस हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. प्राथम्याचा प्रश्न काढायचाच झाला तर स्पेनमधील खायमे फेरान यांनी १८८५ मध्येच पटकीची लस माणसांना टोचली होती, हे सांगितले पाहिजे. मात्र फेरान यांच्या नोंदी इतरांची खात्री पटवू शकल्या नाहीत. लस शोधणे हे एक काम, आणि तिचा उपयोग होतो हे परक्याला पटेल अशा रीतीने दाखवून देणे हे निराळेच काम. आमच्या मते हाफकिन यांचे खरे मोठेपण या दुसऱ्या कामात आहे.

ते काम करायला त्यांना पटकीचा देश हवा होता. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या सुमारास पॅरिस येथे ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मध्यस्थीने १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले. पुढच्या वर्षी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी सिम्प्सन यांच्या साहाय्याने काटालबागान या वस्तीत त्यांनी लस टोचली. वस्ती सुमारे दोनशे माणसांची. त्यांपैकी ११६ जणांनी हात पुढे केला. त्यानंतर तेथे पटकीने पुन्हा डोके वर काढले तेव्हा आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांतले होते. एकाच वस्तीत राहणारी, एकच पाणी पिणारी माणसे, काही टोचलेली व काही न टोचलेली, अशी तुलना करण्याची ही रीत आज आपल्याला अगदी साधी वाटते. त्या काळी ती साधी नव्हती. आसामचे चहामळे, तुरुंग, पलटणी अशा ठिकाणी फिरून दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली आणि १८९५ मध्ये भारत सरकारला त्याचा अहवाल सादर केला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले, त्यानंतरची कहाणी महाराष्ट्राला परकी नाही. पुण्यातील घरझडत्या, रँडचा वध, रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुल्यांना आलेला मृत्यू, हे सारे आपण शाळेपासून वाचत आलो. त्याच महिन्यांत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत आणि तिच्यापुढील ओसरीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर हाफकिन प्लेगची लस तयार करीत होते, हे मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीपलीकडे जात नाही.

या लशीची कृती मोठी मनोरंजक आहे. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, आणि त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. या तुपाला धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागते, गुहेच्या छताला चुनखडीचे झुंबर लोंबावे तशी. चंबू हलवला की ती तळाशी पडते आणि वर नवी फुटते. असे काही आठवडे चालल्यावर तो सगळा अर्क तापवून जंतू मारायचे, आणि टिकाऊपणासाठी त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरल्यास हिंदू वा मुसलमान लस घेणार नाहीत, म्हणून रसासाठी बकऱ्याचे मांस घेतले. येथे पटकीच्या लशीहून एक मोठा फरक आहे आणि तो ध्यानात घ्यावा: ही लस जिवंत जंतूंची नव्हती. पूर्ण मेलेला जंतूदेखील शरीराला शत्रूची ओळख पटवून देऊ शकतो, या तत्त्वावर ती उभी होती. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगावर घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. टोचलेले आणि न टोचलेले यांतील अंतर आठवडाभरातच दिसून आले. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, हजारो खोजांना टोचवली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुसरू लॉज ही वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली.

आता आकड्यांकडे वळू. पोर्तुगीज दमणमध्ये १८९७ च्या साथीत लस न घेतलेले ६,०३३ लोक होते. त्यांपैकी १,४८२ दगावले. घेतलेले २,१९७, दगावले ३६. शेकडा चोवीसहून अधिक आणि शेकडा दीडच्या आसपास, एवढा हा फरक. वाचणारा थक्क होतो. पण जाणकार विचारील, की लस घ्यायला पुढे आले ते कोण? शहाणे, सुस्थितीतले, ज्यांच्या घरात उंदीर कमी तेच ना? हाफकिन यांनाही हा आक्षेप सुचला होता, आणि म्हणूनच फेब्रुवारी १८९८ मधील उंढेऱ्याचा प्रयोग आम्ही त्यांच्या सगळ्या कामाचा कळस मानतो. उंढेरा हे बडोदे संस्थानातील गाव. राज्य सयाजीराव गायकवाडांचे. तेथे घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाला एकत्र बसवले आणि वय, प्रकृती, स्त्री-पुरुष हे पाहून त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना लस टोचली. मग पुढे काही आठवडे साथ चालू राहिली. ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत न टोचलेली ६४ माणसे होती. पैकी २७ आजारी पडली आणि २६ गेली. त्याच घरांतली टोचलेली ७१. आजारी ८, मृत्यू ३. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारे हे लोक. मृत्यूचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्याचे यातून निघते. लहान गाव, लहान आकडे, हे खरेच. पण इतका स्वच्छ पुरावा त्या काळच्या वैद्यकात फार ठिकाणी सापडणार नाही. जून १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात हे सारे एकत्र आले आहे.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने या कामाचे कौतुक हात राखूनच केले. लशीने लागण आणि मृत्यू कमी होतात हे मान्य, पण मात्रा दर वेळी सारखी नसते आणि आकडे सर्व ठिकाणी काटेकोर गोळा केलेले नाहीत, असा त्यांचा अभिप्राय. तो अगदी खोटा नव्हता. लशीची मात्रा जंतू मोजून न ठरवता टोचल्यावर येणाऱ्या तापावरून ठरवली जाई, ही त्या पद्धतीची उणीवच होती. या आयोगात आल्मरोथ राइट होते. त्यांची विषमज्वरावरील लस मेलेल्या जंतूंचीच. तिच्यामागे हाफकिन यांच्या कामाची आणि सूचनेची प्रेरणा होती हे त्यांनी स्वतः नमूद केलेले आहे. टीकाकाराच्या स्वतःच्या कामातच ज्याचा प्रभाव दिसतो, त्याचा प्रभाव हवाल्यांच्या बेरजेत कसा पकडायचा?

आमच्या इंदूरचा उल्लेख येथे ओघानेच येतो. होळकरशाहीत प्लेगने या शहराची दैना केली होती, आणि १९१७ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात नगररचनेसाठी येथे आलेले पॅट्रिक गेडीस हेही मुळात जीवशास्त्रज्ञच. त्या दिवाळीत त्यांनी एक दिवसाचा राजा होऊन मिरवणूक काढली. तिच्यात प्लेगच्या राक्षसाबरोबर भला मोठा उंदीर होता, आणि ज्या मोहल्ल्यांनी सफाई उत्तम केली त्यांच्या रस्त्यांवरून ती नेली गेली. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली येथेच, होळकर संस्थानच्या छापखान्यात छापला गेला. गेडीस यांची वाट घर आणि गल्ली सुधारण्याची, हाफकिन यांची वाट शरीर सज्ज करण्याची. दोन्ही वाटांना लोकांच्या राजीखुशीची गरज होती, आणि ती शिपाई पाठवून मिळत नाही हे दोघांनाही उमगले होते. पुण्यातल्या अधिकाऱ्यांना ते उमगले नाही.

आता त्या बाटलीविषयी. १९०२ मध्ये पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची योजना निघाली आणि परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा भार पडला. ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतून टोचले होते. तिचा क्रमांक ५३ न. ते एकोणीसही जण धनुर्वात होऊन मरण पावले. प्लेगच्या भीतीने विश्वास ठेवून पुढे आलेली ती माणसे होती, हे पुढच्या वादात सगळेच जरा विसरले.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष, सोबत दोन लष्करी वैद्य. निष्कर्ष असा की, बाटली उघडण्यापूर्वीच तीत धनुर्वाताचे जंतू होते. म्हणजे दोष मुंबईचा. याला आधार मिळाला तो असा, की मागणी पुरवण्यासाठी हाफकिन यांनी कृती बदलली होती आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले.

विभागीय चौकशा कशा चालतात, याची आम्हांस थोडीफार कल्पना आहे. अपघात घडला की पहिला प्रश्न येतो तो, नियमात काय बदल झाला होता आणि तो कोणी केला. बदल करणारा सापडला की पुढचे प्रश्न आपोआप मंदावतात. त्यातून तो माणूस बाहेरचा असेल तर पाहायलाच नको. हाफकिन वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. जन्माने इंग्रज नव्हते, नागरिकत्व अलीकडे घेतलेले. भारतीय वैद्यकीय सेवेच्या शिडीवर त्यांचा पाय कधी पडलाच नव्हता. आयोगाने मुद्दाम अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच कागदपत्रांत दुसरीही एक साक्ष होती. मुल्कोवालला बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता, नुसता जंतुनाशकात बुडवून तसाच वापरला गेला. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती. आणि ज्या चंबूतून ही बाटली भरली, त्याच चंबूतल्या इतर बाटल्यांनी कोणासही अपाय झाला नाही. मातीत धनुर्वाताचे बीज असते, हे तर आता लहान मुलालाही शिकवतात.

हे मुद्दे सरकारी दफ्तरात कित्येक वर्षे पडून राहिले. ते उचलून धरले ते हिवतापाच्या शोधाबद्दल १९०२ चे नोबेल मिळवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी. ‘नेचर’मध्ये आणि ‘टाइम्स’मध्ये त्यांनी लिहिले, लिस्टर संस्थेनेही पुरावा तपासून पाहिला. २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले: आरोप सिद्ध तर झालेलाच नाही, उलट पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. वर्षअखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. म्हणजे एका शास्त्रज्ञाचे नाव धुऊन निघाले ते वर्तमानपत्रातील पत्रांनी; त्याच्या शोधनिबंधांच्या यादीत या पत्रांना जागा नाही.

दोषमुक्ती झाली, पण परळची खुर्ची परत मिळाली नाही; तिच्यावर दुसऱ्याची नेमणूक झाली होती. त्यांना कलकत्त्यास पाठवले गेले आणि लशींच्या प्रत्यक्ष चाचण्यांची पूर्वीसारखी मोकळीक काही मिळाली नाही. येथे त्यांच्या लेखनाचा झराच आटल्यासारखा दिसतो. १९१३ मध्ये पटकीच्या लशीवरील पुस्तक आले, पण त्यातला मुख्य ऐवज वीस वर्षांपूर्वीचा. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. उतारवयातील त्यांचा एक गाजलेला निबंध १९१६ चा, आणि तोही धर्मनिष्ठेच्या समर्थनार्थ. आयुष्यभराची पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे ते वारले.

ते नसताना मुंबईतले काम मात्र चालूच होते. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या, आणि त्या शेवटच्या वर्षी, ते हयात असताना, संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगवर सल्फा औषधांचा उपयोग होतो हे सोखे आणि वागळे यांनी तेथेच दाखवून दिले.

हाफकिन यांच्या दोन्ही मूळ लशी आज वापरात नाहीत. पटकीच्या सुईवाटे देण्याच्या लशीचे संरक्षण तोकडे आणि अल्पकाळचे ठरले. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने प्रवाशांवरील तिची सक्तीही उठवली, आणि आता पटकीवर तोंडाने घ्यायच्या लशी आहेत. प्लेगसाठी प्रतिजैविके पुरतात. परंतु आख्खा जंतू मारून टोचण्याचे तत्त्व गेलेले नाही. २०२१ मध्ये आपल्यापैकी ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली, त्यांनी विषाणू मारून केलेलीच लस घेतली. तो विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला होता.

१९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या चित्राचे तिकीट काढले. त्याच वर्षी अमेरिकेत त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. लेखक सेल्मन वॅक्समन. तेही युक्रेनमध्ये जन्मलेले ज्यू, तेही देश सोडून गेलेले, आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळवलेले. ज्या स्ट्रेप्टोमायसिनसाठी ते मिळाले, तेच पुढे प्लेगवरचे हुकमी औषध ठरले.